वैशाखातली बदामी : तापल्या दगडावरची वाट

एप्रिलमध्ये शाळांचे निकाल लागले, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांतून एकच प्रश्न सुरू होतो, ‘यंदा कुठे?’ डोंगर हिंडायचे दिवस मार्गशीर्ष-पौषाचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तेव्हा मुलांच्या परीक्षा आणि मोठ्यांच्या रजेची अडचण. सगळे घर एका वेळी मोकळे होते ते वैशाखातच. मग गाडी ठरते, डबे भरले जातात आणि बनशंकरीचे दर्शन, बदामीची लेणी, जमले तर पट्टदकल-ऐहोळे असा बेत होतो. बनशंकरी ही आपल्याकडच्या कितीतरी मराठी आणि कन्नड घराण्यांची कुलदेवी. त्यामुळे बदामीला जायला वेगळे कारण लागत नाही.

लेणी पाहून बहुतेक मंडळी अगस्त्य तीर्थाच्या काठी येतात, भूतनाथाच्या देवळासमोर फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. खरे तर बदामीचा डोंगर तिथून पुढे सुरू होतो. भूतनाथाच्या मागच्या अंगाने एक पाऊलवाट कातळावर चढते, अरळी तीर्थावरून जाते आणि पठारावरून सिडिलफडी नावाच्या नैसर्गिक कमानीपाशी पोचते. बदामीपासून सुमारे चार किलोमीटर. जाऊन-येऊन आठ. आकडा ऐकून कोणीही म्हणेल, यात काय आहे? ही वाट मी दोनदा चालले आहे, एकदा जानेवारीत आणि एकदा गेल्या मे महिन्यात. दगड तेच आणि अंतरही तेच होते. पण वाटा दोन होत्या.

नावांतच सगळे सांगितलेले

आपण दोन भाषांतली माणसे. बदामीच्या डोंगरात हिंडताना याचा फार आनंद होतो. तळ्याच्या उत्तरेकडच्या किल्ल्याचे नाव ‘बावनबंडे कोटे’. बावन्न आपले, बंडे म्हणजे कन्नडातला मोठा खडक. बावन्न खडकांचा किल्ला! एका नावात दोन भाषा अशा नांदतात, की जोड दिसतसुद्धा नाही. अरळी म्हणजे पिंपळ, म्हणून अरळी तीर्थ हे पिंपळाचे तीर्थ. आणि सिडिलु म्हणजे कडाडून पडणारी वीज. सिडिलफडी म्हणजे विजेचा खडक. कमानीच्या माथ्यावर मोठाली भोके आहेत, ती वीज पडून झाली असे लोक सांगतात.

आता या तीन नावांकडे वाटसरूच्या नजरेने पाहा. एक नाव सांगते, की वाट दगडांची आहे. दुसरे सांगते, की सावली आणि पाणी कुठे मिळेल. तिसरे सांगते, की वर विजेची भीती आहे. उन्हाळ्यात या डोंगरावर जाणाऱ्याने ध्यानात ठेवायच्या मुख्य गोष्टी याच तीन.

हा डोंगर माणसाने फार पूर्वीपासून वापरला आहे. पहिल्या पुलकेशीने इथे किल्ला बांधला, तो शके ४६५ म्हणजे इ. स. ५४३ मध्ये, तसा लेख इथल्याच कड्यावर कोरलेला आहे. तिसऱ्या लेण्यातील मंगलेशाचा लेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा. तळ्याजवळच्या कड्यावर कप्पे अरभट्टाचा कन्नड लेख आहे. त्रिपदी छंदाचा तो फार जुना नमुना मानला जातो. आणि मराठी वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे मे १७८६ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, हरिपंत फडके यांच्या मराठी फौजेने निजामाच्या फौजेसह टिपू सुलतानाच्या ताब्यातील बदामीला वेढा घातला होता. जवळजवळ तीन आठवड्यांनी शिड्या लावून हल्ला झाला आणि गाव पडले. या दगडांवर मे महिन्यात हात टेकवला, की त्या शिड्यांवरून चढणाऱ्या माणसांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

जानेवारीतली वाट

जानेवारीत मी शाळेतल्या सहकारी बाईंबरोबर गेले होते. आम्ही आरामात न्याहारी करून नऊला निघालो. वाट मधूनमधून हरवते, म्हणून गावातला एक वाटाड्या मुलगा सोबत घेतला होता. पठारावर गुडघाभर सोनेरी गवत, अंगावर कोवळे ऊन, अरळी तीर्थात स्वच्छ पाणी. तिथे खडकात कोरलेल्या मूर्ती पाहत आम्ही अर्धा तास बसलो. सिडिलफडीची कमान समोर आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दोन अजस्र शिळांवर टेकलेला दगडी पूल, त्याच्या छपराच्या भोकांतून आत उतरणारे उजेडाचे झोत, आणि भिंतीवर आदिमानवाने काढलेल्या चित्रांच्या तांबूस, पुसट खुणा. चालुक्यांच्याही कित्येक शतके आधी कोणीतरी इथे सावलीला बसले होते. आम्हीही तिथेच डबे सोडले आणि दुपारी दोनला परत फिरलो. प्रत्येकीने जेमतेम एक बाटली पाणी प्यायले असेल.

हा अनुभव उराशी धरून कोणी मे महिन्यात तसाच निघेल, तर त्याची फार मोठी फसगत होईल.

उन्हाळ्यात वाट कशी असते

पहिली गोष्ट दगडाची. बदामीचा खडक वालुकाश्माचा. पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचे थर कोट्यवधी वर्षांत घट्ट होऊन हा दगड झाला. कड्यांवर तिरप्या रेघा दिसतात त्या या थरांच्याच. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री हळूहळू सोडतो. वैशाखात तर रात्रभरात तो पुरता निवतही नाही. पहाटे पाचला हात लावला, तर उघड्यावरचा कातळ कोमटच लागतो. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवरच्या हवेचा असतो. पेपरात ४० अंश छापून आले, तरी उन्हातला कातळ त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. म्हणजे वरून सूर्य आणि खालून दगड, अशा दोन तव्यांमध्ये माणूस भाजला जातो. बेळगावची उंची सुमारे अडीच हजार फूट, बदामीची दोन हजारांच्याही आत. आपल्याकडच्या वाऱ्याची सवय असलेल्याला हा फरक पहिल्याच चढावर कळतो.

दुसरी गोष्ट पायाखालची. वालुकाश्म झिजतो तेव्हा त्याची पुन्हा वाळू होते. पावसाळ्यात ती वाहून जाते, पण उन्हाळ्यात गुळगुळीत कातळावर तिचा पातळ थर पसरलेला असतो. त्यावर पाय पडला, की ज्वारीच्या दाण्यांवर पडल्यासारखा सरकतो. चढताना हे जाणवत नाही, उतरताना जाणवते. चप्पल, सपाट तळाचे बूट, कॉलेजच्या मुलांचे गुळगुळीत फॅशनेबल जोडे इथे कामाचे नाहीत. तळाला खाचा असलेला, घोट्याला धरून बसणारा जोडा हवा. उतारावर घाई न करता, पूर्ण तळवा टेकवून, गुडघे किंचित वाकवून उतरावे.

तिसरी गोष्ट गवताची. जानेवारीतले सोनेरी गवत मे महिन्यात करकरीत वाळते. त्याची कुसळे मोज्यांत अशी रुततात, की रात्री चिमटा घेऊन बसावे लागते. पूर्ण लांबीची विजार हाच उपाय. या गवताला एक ठिणगी पुरते, तेव्हा वर चूल पेटवणे, विडी-सिगारेट ओढणे अजिबात नको. खडकाच्या फटींत न पाहता हात घालू नये. उन्हाळ्यात गारवा शोधणारे आपण एकटेच नसतो, सापही असतात.

चौथी गोष्ट पाण्याची. अरळी तीर्थात मे महिन्यात पाणी असते. पण खाली गेलेले आणि शेवाळलेले. तोंडावर मारायला, पंचा भिजवायला उत्तम, पिण्याला नाही. पठारावर तर थेंब मिळत नाही. म्हणून पिण्याचे सगळे पाणी खालूनच न्यायचे. माणशी तीन लिटर हा हिशेब मी धरते. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागू शकते, आणि ते तहान लागण्याची वाट न पाहता, दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट-घोट घ्यावे लागते.

राहिली माकडे आणि आग्यामोहळे. माकडांना पिशवीचा आवाज ओळखता येतो, म्हणून खाऊ हातात धरू नये. कड्यांच्या कपारीत मोहळे असतात. तिथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर वर्ज्य.

अप्पांचे वेळापत्रक

मे महिन्यात आम्ही पाच जण होतो. मी, माझी तेरा वर्षांची मुलगी, जाऊबाई, त्यांचा नुकताच दहावी झालेला मुलगा आणि जाऊबाईंचे वडील. त्यांना आम्ही सगळेच अप्पा म्हणतो; मुले अज्जा म्हणतात. जाऊबाईंचे माहेर रामदुर्ग भागातले. अप्पा लहानपणी वडिलांबरोबर या डोंगरातून पायी हिंडलेले. आता सत्तरीला टेकले आहेत, गुडघे कुरकुरतात. तरी नातवाला सिडिलफडी दाखवायची, हे त्यांनी दोन वर्षांपासून मनात धरले होते. नातू बारावीनंतर शिकायला बाहेर जाणार. ‘नंतर तो सापडायचा नाही आणि माझे पाय सापडायचे नाहीत,’ असे ते हसत म्हणायचे.

वेळ त्यांनीच ठरवली. आदल्या रात्री बदामीत मुक्काम केला तेव्हा जेवणाच्या पानावर त्यांनी सांगून टाकले, “बिसलु तली म्याल बरूदराग नावु केळग इरबेकु.” ऊन डोक्यावर येईपर्यंत आपण खाली असले पाहिजे. किती वाजता खाली, असे जाऊबाईंनी विचारले. “दहा. दहाला भूतनाथासमोर. कुठेही असलो तरी त्या हिशेबाने परतायचे.”

साडेपाचला, विजेरीच्या उजेडात, आम्ही तळ्याच्या काठाने निघालो. भूतनाथाचे देऊळ तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला, पश्चिमेकडे तोंड करून आहे. मागचे कडे सूर्य बराच वेळ अडवून धरतात, त्यामुळे चढाचा पहिला टप्पा सावलीत जातो. उन्हाळ्यात ही देणगीच. तळ्यावरून येणारा वारा गार होता. मुलगी दगडावरच्या तिरप्या रेघा मोजत होती. पुतण्या मात्र फुटबॉल खेळणारा गडी; तो सगळ्यांच्या पुढे पळत जायचा आणि वरच्या दगडावर बसून आम्हाला हाका मारायचा. अप्पा खालून ओरडायचे, “नीर कुडी, तम्मा!” तो बाटली उंच करून दाखवायचा. ती भरलेलीच दिसायची.

पावणेसातला अरळी तीर्थ आले. तिथे केळी आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा फराळ झाला. साडेसातला पठारावर आलो आणि ऊन एकदम अंगावर आले. सावलीतून उन्हात पाऊल टाकताना भट्टीचे दार उघडल्यासारखे वाटले. घड्याळात सकाळ होती, अंगाला मात्र दुपार लागत होती.

एक किलोमीटर अलीकडे

सव्वाआठच्या सुमारास पुतण्या पळायचा थांबला. मग मागे राहू लागला. मग एका खडकाच्या आडोशाला बसला आणि म्हणाला, “काकू, पोटरी धरली.” त्याचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळ घामाने ओले आणि हाताला गार लागत होते. डोके दुखते, मळमळते, असे म्हणाला. तीन तासांत त्याने पाव बाटलीही पाणी प्यायले नव्हते, आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर जागला होता, हे तेव्हा कळले. पाचांत सर्वांत दणकट तोच, आणि उन्हाने गाठले तेही त्यालाच. ऊन माणसाची ताकद बघत नाही, त्याने काय प्यायले ते बघते.

अप्पा एका शब्दाने रागावले नाहीत. त्यांनी त्याला सावलीत आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले, बूट-मोजे काढले, पंचा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला. जाऊबाई पदराने वारा घालत होत्या. मी ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवली आणि एकेक घोट पाजत राहिले. वीस मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. आणखी दहा मिनिटांनी तो उठून बसला आणि म्हणाला, “अज्जा, मी ठीक आहे. चला पुढे.”

पावणेनऊ झाले होते. मुलगीही म्हणाली, “आई, आता एकच किलोमीटर राहिलाय ना? इथपर्यंत येऊन परत जायचं?” खरे सांगायचे, तर माझ्याही मनात तेच होते. जाऊबाईंच्याही असावे. आम्ही सगळ्या अप्पांकडे पाहत होतो, कारण या वाटेवर यायची हौस सर्वांत जास्त त्यांचीच होती.

अप्पांनी उन्हातल्या कातळावर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. मग नातवाला म्हणाले, “तू लाव हात.” त्यानेही लावला आणि उचलला. “आता नऊ वाजायचेत. तिथे जाऊन, बसून, परत इथे यायला दहा-साडेदहा होतील. तेव्हा हा दगड कसा असेल? आणि मग तिथून खाली उतरायचे. निम्मे पाणी इथेच संपले. आजचे तीर्थ इथेच.”

जाऊबाईंनी सुचवले, की मुलाला घेऊन त्या सावलीत थांबतील, आम्ही तिघांनी जाऊन यावे. अप्पांनी मान हलवली. “पाच आलो, पाच उतरायचे.”

परत वळताना ते क्षणभर थांबले आणि पठाराच्या त्या टोकाकडे पाहिले. कमान तिथून दिसत नाही. नुसते खडक आणि त्यांच्यावर थरथरणारी हवा. मग काठी टेकत उतरायला लागले. पुढच्या वर्षी आपण येऊ की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. पण उतरताना त्यांनी नातवाला शेजारी घेतले आणि वाटेच्या खुणा एकेक करून दाखवल्या. वाट कुठे फसवते, कुठल्या दगडाजवळ वळायचे, सावली कुठे किती वाजेपर्यंत असते. प्रत्येक खूण त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतली. दहाला पाच मिनिटे कमी असताना आम्ही भूतनाथासमोर तळ्यात पाय सोडून बसलो होतो.

त्या दुपारी चारच्या सुमारास ईशान्येकडून काळे ढग आले. वळवाचा पाऊस आपल्याला नवा नाही, पण बदामीच्या लाल कड्यांवर तो येताना पाहणे वेगळेच. धुळीचा लोट उठला, मग टपोरे थेंब, मग पठारावर लागोपाठ विजा. लॉजच्या गच्चीच्या दारात उभे राहून मुलगी वीज आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजत होती. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, हे तिने शाळेत शिकलेले. नऊ सेकंद, म्हणजे तीन किलोमीटर. “म्हणजे सिडिलफडीच्या जवळपास,” ती म्हणाली. नाव कोणी आणि का ठेवले असेल, हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीने महाकूटला गेलो. बदामीहून रस्त्याने सुमारे चौदा किलोमीटर. तिथली विष्णुपुष्करिणी झऱ्याच्या पाण्याची, झाडांच्या सावलीतली. पाण्यातल्या छोट्या मंडपात चतुर्मुख लिंग आहे. जुन्या वेशीजवळ हाडांच्या सापळ्यांसारख्या दोन मूर्ती आहेत. लोक त्यांना वातापी आणि इल्वल म्हणतात. वातापीला पचवणाऱ्या अगस्तीची गोष्ट अप्पांनी मुलांना पायरीवर बसून सांगितली, आणि शेवटी नातवाला म्हणाले, “अगस्तीला राक्षस पचला. तुला बिसलु नाही पचला.” सगळे हसले. पुतण्याही हसला, आणि न सांगता बाटली तोंडाला लावली.

दिवाळीनंतर तो मित्रांबरोबर सिडिलफडीला जाणार आहे. वाटेच्या खुणा त्याने वहीत लिहून ठेवल्या आहेत.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी

बेळगावहून यरगट्टी-रामदुर्ग मार्गे बदामी सुमारे दीडशे किलोमीटर. पहाटे घरून निघून त्याच दिवशी डोंगर चढण्याचा बेत मे महिन्यात करू नये; पोचेपर्यंत ऊन चढलेले असते. आदल्या दिवशी मुक्काम करावा, देवीचे दर्शन आणि लेणी त्या संध्याकाळी उरकावीत. मावळतीचे ऊन भूतनाथाच्या देवळावर आणि मागच्या कड्यांवर पडते तो देखावा चुकवू नये.

सूर्योदयापूर्वी चढायला सुरुवात करावी आणि दहाच्या आत खाली यावे. परतायची वेळ घरून निघतानाच ठरवावी. डोंगरावर गेल्यावर ठरवली, तर ती पुढे ढकलली जाते. दुसरा नियम सोपा आहे : निम्मे पाणी संपले, की जिथे असाल तिथून मागे फिरावे.

सोबत स्थानिक वाटाड्या, रुंद काठाची टोपी किंवा पंचा, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, ओआरएसच्या पुड्या, विजेरी आणि शिट्टी असावी. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घळींमध्ये मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही. म्हणून कुठे चाललो आणि कधी परतणार, हे लॉजवर सांगून जावे.

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, गार घाम ही उन्हाची पहिली हाक. तेवढ्यावर थांबून सावली, पाणी, ओला पंचा मिळाला तर माणूस सावरतो. पण सावरला तरी त्या दिवशी पुढे नेऊ नये. अंग तव्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. मग एक क्षणही न दवडता अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ क्रमांकावर फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

दुपारनंतर पठारावर थांबू नये. ढग जमताना दिसले, की खाली उतरावे. एकट्या झाडाखाली, कड्याच्या टोकाला किंवा उथळ कपारीच्या तोंडाशी उभे राहू नये. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती धोक्याच्या अंतरात आली असे समजावे.

आणि उतरून आल्यावर बनशंकरीला जाणार असाल, तर देवळाबाहेर खडक रोटी आणि छोट्या मडक्यातले दही घेऊन बसलेल्या बायका भेटतात. भाकरी, शेंगा चटणी आणि ते गार दही. दहाच्या आत खाली आलेल्याला ते फार गोड लागते.